बागेच्या कडेला शोभेचं गवत लावू की सदाहरित झाड?

अंगणवेल
नमस्कार मंडळी. घराच्या पश्चिमेला घराची भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये एक लांबट पट्टा मोकळा पडलाय. रुंदी ५ फूट, लांबी ३० फूट. दुपारनंतर ऊन थेट दोन खिडक्यांवर येतं, वाराही तिकडूनच. कुंपण जेमतेम ४ फुटांचं आहे, त्यामुळे पलीकडून जाणाऱ्या-येणाऱ्याला आमची बैठकीची खोली आरपार दिसते. माती मुरमाड, पाणी चटकन निचरतं.

घरात दोन तट पडलेत. मला जांभळं फाउंटन ग्रास लावायचंय. वारा आला की अख्खा ताटवा एकदम वाकतो आणि पुन्हा सरळ होतो, तिरप्या उन्हात तुरे चमकतात, ते बघत मी तासभर उभी राहू शकते. नवऱ्याचं म्हणणं, गवत ते गवत, मोरपंखीची रांग लाव, बारा महिने हिरवीगार. दोन्ही लावून बघितलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. फोटो बघून बघून कंटाळा आलाय, दोनतीन वर्षांनी काय होतं ते हवंय.

खुरपं
गवत. डोळे झाकून गवत.

निवडुंग
खुरपंराव, डोळे उघडून मूळ पोस्ट वाचा :) ताईंना खिडकीतून आत दिसू नये असं हवंय. जांभळं फाउंटन ग्रास ३ ते ४ फूट होतं, कुंपणही ४ फूट. म्हणजे आडोसा शून्याने वाढला. मोरपंखीला माझं मत.

खुरपं
तुरे धरून पाच फूट होतं हो कधीकधी. पण मुद्दा मान्य. तरी मोरपंखीची रांग बघितली की मला एखाद्या कचेरीच्या आवारात आल्यासारखं वाटतं. गवतात जीव असतो.

अंगणवेल
उंचीचा मुद्दा पटला. फाउंटन ग्रासऐवजी उंच होणारं दुसरं गवत नाही का?

उत्तरध्रुव
आहे ना. आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ पडतो, तिथे जांभळं फाउंटन ग्रास पहिल्या कडाक्याच्या थंडीतच मरतं, म्हणून इकडे लोक मिसकँथस लावतात. हे पूर्व आशियातलं गवत, काही जाती सहज ६-७ फूट उंच होतात. हिवाळ्यात वाळतं, पण पडत नाही. पिवळट धाटं आणि वरचे पांढुरके तुरे महिनोन्‌महिने उभे राहतात.

कार्ल फोर्स्टर (१८७४-१९७०) या जर्मन रोपवाटिकावाल्याने शोभेची गवतं बागेत आणण्यासाठी आयुष्य वेचलं. त्याच्या नावाची कॅलामाग्रॉस्टिस या गवताची जात २००१ साली अमेरिकेतल्या बहुवर्षायू वनस्पतींच्या संघटनेने वर्षाची वनस्पती म्हणून निवडली होती. ताठ, उभी, वांझ बियांची, त्यामुळे इकडेतिकडे उगवत नाही. न्यूयॉर्कला जुन्या रेल्वेमार्गावर २००९ मध्ये हाय लाइन नावाची बाग उघडली, तिथे डच बागरचनाकार पीट औडोल्फ यांनी गवतांचाच मोठा वापर केलाय. वाळलेलं गवत मुद्दाम हिवाळाभर ठेवतात आणि वसंताच्या तोंडावर कापतात.

आता अंगणवेल, तुमच्यासाठी कळीचं. कापल्यावर तिथे वीतभर खुंट उरतात. पुन्हा आडोसा तयार व्हायला दोनतीन महिने जातात. त्या काळात तुमची खिडकी उघडी.

पानोपानी
उत्तरध्रुव यांनी छान लिहिलंय. मी एका वेगळ्या कारणासाठी सावध करते.

फाउंटन ग्रास म्हणून दोन गोष्टी विकल्या जातात. एक साधं हिरवं, त्याचं मूळ आफ्रिका आणि मध्यपूर्वेकडचं. त्याचं बी वाऱ्यावर उडतं, गाड्यांना, कपड्यांना चिकटून जातं. हवाई बेटांवर शोभेसाठी आणलेलं हे गवत बागा सोडून लाव्हाच्या ओसाड मैदानांवर पसरलं. वाळलं की पेट घेतं, आग लागून गेली की तेच पहिल्यांदा फुटतं आणि मूळच्या झाडाझुडपांना परत डोकं वर काढू देत नाही. तिथे ते अधिकृतरीत्या उपद्रवी तण आहे. दुसरं जांभळं, रुब्रम नावाचं. ते जवळपास वांझ, गड्डे फोडूनच वाढवतात.

म्हणून कोणी जांभळ्या फाउंटन ग्रासचं बी पाकिटात घालून विकत असेल तर ते रुब्रम नाही, एवढं लक्षात ठेवा. माझ्या बहिणीला एका रोपवाटिकेने पिशवीवर जांभळ्याचं लेबल लावून हिरवं दिलं. पहिल्या पावसात पानं हिरवी निघाली तेव्हा कळलं. पुढच्या मोसमात फरशीच्या फटीफटीत पिल्लं. अजून उपटतेय.

पंपास ग्रासचंही तेच. दक्षिण अमेरिकेतून निघालं आणि कॅलिफोर्निया, स्पेन, न्यूझीलंडमध्ये डोकेदुखी झालं. फोटोतल्या पांढऱ्या झुपक्यांना भुलून लावू नका. पात्याच्या कडा करवतीसारख्या असतात, हात कापतो.

खुरपं
@पानोपानी, लेबलाचा अनुभव खूप जणांना आलाय. रोप घेताना पान उलटून पालटून बघायचं. रुब्रमचं नवं पान कोंबापासूनच गडद तांबूस असतं, सावलीत ठेवलेलं असेल तर मात्र रंग फिका दिसतो, तेव्हा उन्हातलं रोप निवडा.

मूळपुरुष
धाग्यावर गवताच्या देखभालीबद्दल कोणी नीट लिहिलेलं नाही म्हणून लिहितो. लोकांना वाटतं गवत लावलं की झालं. पाणी कमी लागतं हे खरं. उष्ण भागातली बहुतेक शोभेची गवतं सी-४ प्रकारची (प्रकाशसंश्लेषणाची एक वेगळी पद्धत) असतात, कडक उन्हात त्यांची वाढ थांबत नाही आणि तेवढ्याच पाण्यात जास्त पाला करतात. खताची हाव नाही. उलट नत्र जास्त झालं की धाटं लुसलुशीत होऊन लोळतात, मग ताटवा मधून फाकतो.

पण वर्षातून एकदा कापणी चुकत नाही. पद्धत अशी: आधी सुतळीने ठोंब कमरेशी घट्ट आवळून बांधायचा, मग खालून वीतभर ठेवून विळ्याने कापायचा. बांधलं नाही तर पाती सगळ्या बागेत उडतात आणि वेचत बसावं लागतं. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच. गवताच्या पात्यात सिलिका असते, ती कातडी चरचर चिरते आणि मग आंघोळीला बसलं की कळतं. वेळ महत्त्वाची, नवे कोंब जमिनीतून वर यायच्या आधी. उशीर केला तर जुन्याबरोबर नव्या कोंबांचे शेंडेही कापले जातात आणि सबंध मोसम पानं बोथट टोकांची दिसतात.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी ठोंबाच्या मधोमध टक्कल पडतं. बाहेरचं कडं हिरवं, आत नुसती काड्यांची राख-रंगी गादी. तेव्हा पहारीने अख्खा ठोंब उचलायचा, कुऱ्हाडीने किंवा जुन्या करवतीने चार फाका करायच्या, मधला मेलेला भाग फेकून बाहेरच्या फाका परत लावायच्या. जुना ठोंब उचलणं हे एकट्याचं काम नाही. ज्यांची पाठ धरते त्यांनी ३० फुटांची रांग लावण्याआधी याचा विचार करावा.

कोवळंऊन
मूळपुरुषकाका, प्रतिसाद जपून ठेवलाय. आमच्याकडच्या ठोंबात असंच कडं झालंय, मला वाटलं कीड लागली.

दुर्वांकुर
सगळे परदेशी गवतांवर बोलताय, वाळा कोणालाच आठवला नाही? पाती ५ फूट उंच, ठोंब ताठ, आणि मुळं आडवी न पसरता सरळ खाली ३ मीटरपर्यंत जातात. त्यामुळे शेजारच्या झाडाशी भांडण नाही, भिंतीच्या पायालाही त्रास नाही. लागवडीतल्या जाती वांझ असतात, बी पडून पसरत नाहीत. उतारावरची माती धरून ठेवायला याच्यासारखं दुसरं गवत नाही, १९८०च्या दशकात जागतिक बँकेनेही बांधावर वाळा लावण्याचा प्रचार केला होता. मुरमाड जमीन असेल तर वाळाच.

खुरपं
+१. पण तुरा तितका देखणा नाही हे कबूल करा.

दुर्वांकुर
कबूल. पण दुपारच्या वाऱ्यात त्याची सळसळ ऐकली असती तर तुऱ्याचं नाव काढलं नसतं.

चिमणी_पाखरं
पाखरांच्या बाजूने दोन शब्द. मोरपंखीच्या गच्च फांद्यांत मुनिया घरटं करतात, आमच्याकडच्या एका झाडात दरवर्षी असतंच. गवताची पात सोलून नेऊन, गोळ्यासारखं विणून, बाजूने छोटं तोंड ठेवलेलं. म्हणजे दोन्ही हवंय त्यांना, राहायला झाड आणि सामान आणायला गवत. मात्र वांझ जात लावली तर दाणा मिळत नाही, तेवढं लक्षात घ्या. छाटणी घरटी रिकामी झाल्यावरच करा ही हात जोडून विनंती.

निवडुंग
आता मोरपंखीबद्दल. मीच तिची बाजू घेतली, तर तिच्या खोडीही मीच सांगितल्या पाहिजेत.

मोरपंखीचं शास्त्रीय नाव प्लॅटीक्लॅडस ओरिएंटॅलिस, जुन्या पुस्तकांत थुजा ओरिएंटॅलिस सापडेल. मूळ चीनकडचं झाड. फांद्या उभ्या, पंख्यासारख्या चपट्या. फांदी हाताने बाजूला करून आत डोकावलंत तर धक्का बसेल. बाहेर चारपाच इंच हिरवं, आत सगळा तपकिरी कोरडा कचरा आणि उघड्या काटक्या. हे रोगाचं लक्षण नाही. आत ऊन पोचत नाही म्हणून जुनी खवलेदार पानं वाळतात. पण याचा अर्थ छाटणीची मर्यादा तेवढ्या चारपाच इंचांचीच आहे. त्याच्या आत कात्री गेली की उघड्या लाकडातून सहसा परत फुटवा येत नाही. कायमचं भोक. जास्वंद किंवा मेंदीसारखं हवं तेवढं कापा, पुन्हा भरून येईल, असं इथे चालत नाही.

म्हणून पहिल्या वर्षापासून दरवर्षी थोडं थोडं खरवडल्यासारखं छाटायचं. तीन वर्षं सोडून दिलं आणि मग एकदम अर्धं करू म्हटलं की खेळ संपला. दुसरं, पाणी साचलं की मुळं कुजतात. ताईंची माती निचऱ्याची आहे हे चांगलं. कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी येतो. झाड धुळकट, करडं दिसायला लागलं की पांढऱ्या कागदावर फांदी झटका, ठिपके चालायला लागले तर तोच. पाण्याचा जोरदार फवारा आतून बाहेरून मारला की बराच आटोक्यात येतो.

उत्तरध्रुव
निवडुंग यांच्या छाटणीच्या मुद्द्यावरून आठवलं. १८८८ साली वेल्समधल्या लेटन हॉल इथे दोन सायप्रसवर्गी झाडांचा आपोआप संकर झाला आणि लेलँडी तयार झालं. वर्षाला जवळपास मीटरभर वाढतं. झटपट आडोसा म्हणून ब्रिटनमध्ये घरोघरी लावलं आणि मग ते ३०-४० फुटांवर गेलं, शेजाऱ्यांची उन्हं गेली, भांडणं कोर्टात गेली. शेवटी २००३च्या कायद्यात उंच कुंपणांचा स्वतंत्र भाग घालावा लागला. दोन किंवा जास्त सदाहरित झाडांची, २ मीटरपेक्षा उंच रांग शेजाऱ्याला जाचक होत असेल तर स्थानिक प्रशासनाकडे तक्रार करता येते. गवतावरून असा कायदा केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

खुरपं
वा! म्हणजे कायदासुद्धा गवताच्या बाजूने.

कोवळंऊन
मोरपंखीऐवजी उभा अशोक? तो तर सरळसोट वाढतो, रुंदी कमी घेतो.

पानोपानी
उभा अशोक म्हणजे आसुपालवाची लोंबत्या फांद्यांची जात. (सीतेचा अशोक निराळा, त्याला केशरी फुलांचे गुच्छ येतात.) झाड सुंदर आहे, पण ३०-४० फूट जातं आणि ५ फुटांच्या पट्ट्यात, घराच्या भिंतीला खेटून, मी तरी लावणार नाही. शेंडा मारून बुटका ठेवतात लोक, तेव्हा त्याचं सगळं रूप जातं. शिवाय पानं झाडून झाडून हात दुखतात.

कोवळंऊन
सदाहरित आहे ना पण? मग पानं कशी गळतात?

मूळपुरुष
सदाहरित म्हणजे झाड एकाच वेळी उघडं पडत नाही, इतकंच. प्रत्येक पानाला आयुष्य असतं. पाइनच्या बहुतेक जातींत सुया दोनतीन वर्षांनी गळतात. अमेरिकेतल्या डोंगरांवरच्या ब्रिसलकोन पाइनच्या सुया मात्र तीस वर्षांहून जास्त टिकतात. पानगळीच्या झाडाखाली महिनाभर भरपूर झाडावं लागतं, सदाहरिताखाली वर्षभर थोडं थोडं. झाडू सुटत नाही.

ओळंबा
बांधकामातला माणूस आहे, बागकाम फार कळत नाही, पण ऊन कुठे पोचेल ते मोजता येतं. अंगणवेल, तुम्ही आडोसा आणि ऊन या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय.

समजा रोपांची रांग खिडकीपासून ३ फुटांवर आहे. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असताना सावलीची वरची रेघ रोपाच्या उंचीपेक्षा ३ फूट खाली पडते. ४ फुटांचं गवत असेल तर भिंतीवर फक्त १ फुटापर्यंत सावली, म्हणजे खिडकीच्या उंबऱ्यापर्यंतसुद्धा नाही. सूर्य ३० अंशांवर उतरला तरी सावली सव्वादोन फुटांपर्यंतच. ५ फुटांचा वाळा घेतलात तर याच्यात एकेक फूट वाढवा. खिडकीची वरची चौकट ७ फुटांवर धरली तर ४५ अंशांचं ऊन अडवायला १० फूट उंच झाड लागेल, ३० अंशांच्या उन्हाला पावणेनऊ फूट पुरेल. सूर्य अगदी टेकायला आला की तुमचं कुंपणही थोडं काम करतं, पण तोवर खोली तापलेली असते.

म्हणजे ऊन अडवायचं असेल तर गवताने भागणार नाही, मग ते कितीही देखणं असो. नजर अडवायची असेल तर बाहेरून चालणाऱ्या माणसाचे डोळे सव्वापाच फुटांच्या आसपास, तुमची जोत्याची उंची किती त्यावर ठरेल. जोतं २ फूट वर असेल तर आत बसलेल्या माणसाचं डोकंही वर जातं आणि वाळासुद्धा कमी पडेल.

वाऱ्याचंही सांगतो. भिंतीसारखा घट्ट अडथळा वारा वर फेकतो आणि मागे भोवरे तयार होतात. निम्म्याच्या आसपास सच्छिद्र असलेली रांग वाऱ्याचा जोर मोडते, आणि तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत चांगला आडोसा देते. गवत आणि मोकळी ठेवलेली झाडं दोन्ही या कामाला बरी. गच्च छाटलेली मोरपंखी मात्र भिंतच होते.

निवडुंग
ओळंबा, टाळ्या. असा प्रतिसाद बागकामाच्या धाग्यावर पहिल्यांदाच वाचला. ताई, त्या पट्ट्यातून पाइप वगैरे जातात का तेही बघा. मोरपंखी मोकळी सोडली तर ५ फूट रुंदी एकटीच खाईल, मग भिंतीची डागडुजी करायला माणूस आत शिरणार कुठून?

दुर्वांकुर
वाळ्यात शिरता येतं :)

अंगणवेल
सगळ्यांचे मनापासून आभार. काल टेप घेऊन सगळं मोजलं. जोतं दीड फूट. खिडक्या दोन, प्रत्येकी ५ फूट रुंद, उरलेली २० फूट भिंत कोरीच. पाण्याचा पाइप भिंतीलगत जातो, म्हणजे भिंतीपासून दोन फूट मोकळं ठेवलंच पाहिजे.

ओळंबांचं गणित नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याचा मुद्दा खिडक्यांपुरता अगदी खरा आहे, तिथे झाडच हवं. पण कोऱ्या भिंतीसमोर मोरपंखी कशाला? तिथे अडवायला काही नाही. म्हणून आता असा बेत आहे की प्रत्येक खिडकीसमोर दोन-दोन मोरपंखी, आणि बाकी सगळीकडे माझं जांभळं गवत. झाडांची सावली गवतावर पडून ते फिकं होईल का?

ओळंबा
रांग उत्तर-दक्षिण आहे आणि ऊन पश्चिमेकडून येतंय, म्हणजे दुपारनंतर सगळ्यांना सारखं मिळेल. झाडाला अगदी चिकटून लावू नका, इतकंच.

मूळपुरुष
झाडाच्या बुंध्याशी पाऊसही कमी पोचतो आणि वरच्या दीड-दोन फूट मातीत त्याच्या मुळांचं जाळं असतं. गवताचा पहिला ठोंब झाडाच्या घेरापासून दोन फूट तरी लांब हवा. ठोंब ते ठोंब अडीच फूट. आत्ता विरळ वाटेल, मध्ये काही कोंबू नका.

दुर्वांकुर
कुंपणाच्या एका टोकाला दोन ठोंब वाळा लावाच. बाकी काही मागणार नाही.

अंगणवेल
दुर्वांकुर, उतार आहे त्या टोकाला लावते, पावसात तिथूनच माती वाहून जाते. निवडुंग, दोन मोरपंखींमध्ये अंतर किती ठेवू? आणि रोपं केवढी आणू?

निवडुंग
खोड ते खोड ३ फूट. रोप दोन-अडीच फुटांचं घ्या. सहा फुटी तयार झाडाच्या मोहात पडू नका, ती पिशवीत अडकून राहिलेली असतात. लावताना पिशवी फाडून मुळांचा गोळा बघा. मुळं बाहेरून गोल गोल गुंडाळलेली दिसली तर धारदार सुरीने गोळ्याला तीन-चार उभे काप द्या, बोटांनी मुळं थोडी मोकळी करा, नाहीतर झाड वर्षानुवर्षं त्याच गोळ्यात फिरत राहतं आणि वाऱ्यात मुळापासून कलतं. खोडाचा बुडखा मातीच्या वर राहू द्या. पहिले दोन उन्हाळे पाणी खोल द्या, रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा भरपूर. कुंपणापासून दीड फुटावर लावा, म्हणजे पाइपाच्या बाजूला जागा उरेल. आणि पहिली हलकी छाटणी पुढच्या वर्षीच, विसरू नका.

चिमणी_पाखरं
घरटं नसेल तर!

निवडुंग
घरटं नसेल तर.